लातूर-नांदेडहून कोकण किनारा : धूप होणाऱ्या पुळणीवर तीन-चार दिवसांची सहल कशी आखावी

मराठवाड्यातून समुद्र बघायला निघायचं ठरलं की घरात पहिली चर्चा हॉटेलची होते, दुसरी गाडीची. समुद्राची चर्चा कुणी करतच नाही. तो तिथे आहेच, जाऊन बघायचा, असं आपण धरून चालतो. पण कोकणातल्या अनेक गावांत पुळण, म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा पट्टा, आता आखूड झाली आहे, काही ठिकाणी भरतीच्या वेळी ती उरतच नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातले उपग्रह नकाशे ताडून पाहिले. त्यात देशाचा सुमारे ३४ टक्के किनारा झिजत असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण पाव भागाच्या आसपास आहे. म्हणून माझा आग्रह असा की सहलीचा क्रम उलटा लावा. आधी तिथी बघा, मग किनारा ठरवा, मग मुक्काम. हा क्रम पाळला तर लेकरंबाळं सुरक्षित राहतात, पैसे सार्थकी लागतात आणि ज्या गावात आपण पाहुणे म्हणून जातो त्या गावाचं नुकसानही होत नाही.

पहिलं काम : पंचांग उघडा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं घड्याळ न बघता भरती सांगतात. त्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, आलेल्या वाजण्याच्या सुमाराला भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, आणि त्याच्या सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, पुरती ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. फक्त तिथी प्रतिपदेपासून मोजायची. उत्तर-दक्षिण कोकणात यात थोडा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं तक्त्यातलं नेमकं वेळापत्रक मोबाइलवर बघून घ्या. पण सहलीच्या तारखा ठरवायला पाऊणपट पुरते.

आता हा हिशेब सहलीला लावून बघा. तुम्ही अष्टमीला पोहोचलात तर संध्याकाळी सहाला समुद्र भरलेला असेल. धूप झालेल्या किनाऱ्यावर त्या वेळी पाय ठेवायला जेमतेम पट्टा राहतो, आणि आपल्याला नेमकं सूर्यास्तालाच तिथे जायचं असतं. अष्टमीच्या आगेमागे भरती कमजोर असते, तिला भांगाची भरती म्हणतात. त्यामुळे धोका कमी, पण जागाही कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, असतं. तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमाराला चढते आणि संध्याकाळी पाणी खूप आत गेलेलं असतं. पुळण भरपूर रुंद दिसते, पण त्या सायंकाळी पाणी आत ओढणारं असतं, आणि दुपारची व मध्यरात्रीची भरती जोरदार असते.

माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यात चांगले दिवस द्वादशी आणि त्रयोदशी. द्वादशीला नऊ वाजता भरती, तीनला ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहा आणि पावणेचार. म्हणजे चार वाजता तुम्ही किनाऱ्यावर उतरता तेव्हा वाळू मोकळी असते, पाणी हळूहळू येत असतं, आणि अंधार पडेपर्यंत निवांत फिरता येतं. महिन्यातून दोनदा त्या तिथ्या येतात. त्यांच्या जवळचा शनिवार-रविवार शोधा आणि रजेचा अर्ज त्यावर टाका.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबा मिळतो, पण उकाडा आणि गर्दी दोन्ही सोसावे लागतात. जून ते सप्टेंबर समुद्रकाठी मुक्कामाला जाऊच नका. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि किनाऱ्याची बहुतेक झीज याच चार महिन्यांत होते. पावसाळी लाटा वाळू ओढून खोल पाण्यात नेतात. हिवाळ्यात शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. ज्या वर्षी परत येणारी वाळू कमी पडते, त्या वर्षी पुळण आखूड होते.

कुठून निघता त्यावर किनारा ठरतो

नांदेड, लातूर, धाराशिवकरांना रत्नागिरी सोयीची. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्याच दारातून जातो : नांदेड, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मग सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. लातूरपासून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. एका दमात जाऊ नका. पहाटे निघून कोल्हापुरात मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात घाट उतरा. आंबा घाटात धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि आपल्याकडच्या सरळ रस्त्यांवर हात बसलेल्या चालकाला घाटाची वळणं रात्री जड जातात.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकरांनी पुणे गाठून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरावं. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर जवळ. पुढे दापोलीकडे मुरूड, कर्दे, आंजर्ले. परभणी-हिंगोलीकरांना गाडी चालवायची नसेल तर नांदेड-पनवेल रेल्वे आहे. पनवेलला कोकण रेल्वेची गाडी पकडली की मुंबईच्या गर्दीत शिरावं लागत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या सुट्टीत पहिल्या दिवशीच भरतात. त्यामुळे तिथीवरून तारखा दोन महिने आधी काढून ठेवाव्या लागतात.

मालवणचं आकर्षण वेगळं : शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग. पण तीन रात्रींत लातूरहून मालवण करणं म्हणजे निम्मी सहल गाडीत. चार रात्री हाताशी असतील तरच जा.

मुक्काम ठरवताना विचारायचे प्रश्न

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण फसगत इथेच होते. ‘समुद्राला लागून’, ‘खोलीतून थेट लाटा’ अशा जाहिरातींना आपण भुलतो. झिजणाऱ्या किनाऱ्यावर समुद्राला लागून असणं हा गुण राहिलेला नाही.

कायदाही हेच सांगतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची, आताची २०१९ ची. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या बांधकामासाठी बंद ठेवलेला होता. २०१९ मध्ये दाट लोकवस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणला गेला, विरळ वस्तीत २०० मीटर कायम राहिला. मच्छीमारांची आणि गावकऱ्यांची जुनी घरं त्या पट्ट्यात असतात, ती त्यांच्या हक्काची. पण वाळूच्या टेकाडावर नव्याने उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या खोल्या दिसल्या तर तिथे पैसे देऊ नका. ते टेकाडच गावाला उधाणापासून वाचवतं. ते सपाट केलं की पुढचं वादळ थेट माडांच्या बागेत शिरतं.

फोनवर घरमालकिणीशी बोलणं झालं तर भाडं विचारायच्या आधी हे विचारा : "काकू, पावसाळी उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं?" खरं उत्तर असं असतं : "आमच्या पुढच्या वाडीच्या गडग्यापर्यंत येतं, अंगणात नाही." कोकणात गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. त्या उत्तरावरून ते घर किती सुरक्षित आहे आणि बाई किती मोकळेपणाने बोलतेय, दोन्ही कळतं. "छे, काहीच येत नाही," असं तोडून उत्तर आलं तर आणखी एक विचारा : निसर्ग आणि तौक्ते वादळात काय झालं होतं? निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये कोकणाच्या कडेकडेने गुजरातला गेलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला यांच्या आठवणी आहेत. कुणाचे माड पडले, कुणाचे पत्रे उडाले. जो सविस्तर सांगतो त्याच्याकडे उतरा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्र आत सरकतो तसं जमिनीखालचं खारं पाणीही आत सरकतं, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. उन्हाळ्यात तिथेही टँकर येतात. "विहीर गोडी आहे का, पाणी वर्षभर पुरतं का?" हे विचारायला मराठवाड्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. गोड्या विहिरीचं घर मिळालं तरी अंघोळीला शॉवर सोडून न देता बादली घ्या. पोहण्याचे तलाव असलेली रिसॉर्टं अशा गावात मी टाळतो आणि तुम्हीही टाळावीत असं मनापासून वाटतं. समुद्रापासून शंभर पावलांवर गोड्या पाण्याचा तलाव भरायला ते पाणी गावाच्याच विहिरींतून उपसलं जातं.

तिसरं, घर गावातल्या माणसाचं आहे का. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, त्यात नोंदलेली घरगुती ठिकाणं मिळतात. आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेलं घर निवडा. समुद्र पाच-सात मिनिटं चालत. तेवढं चालणं चांगलंच आहे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर : आधी दहा मिनिटं नुसतं बघा

सामान ठेवलं की लेकरांना पाण्याकडे सोडू नका. वाळूवर उभं राहून आधी भरतीची रेषा शोधा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले, दुर्दैवाने प्लॅस्टिकच्या बाटल्या, यांची एक वेडीवाकडी माळ किनाऱ्याला समांतर पडलेली दिसते. काल रात्रीचं पाणी तिथवर आलं होतं. चटई, चपला, गाडी, सगळं त्या रेषेच्या वरच्या अंगाला.

मग रेषेच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूला बघा. वाळू उतरत उतरत पाण्याकडे गेली असेल आणि तिच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असेल, तर तो किनारा धडधाकट आहे. वेलीची मुळं वाळू धरून ठेवतात, तिच्यावर चालू नका. उलट वाळूला उभा कडा पडला असेल, सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडून लोंबत असतील, एखादा माड समुद्राकडे कलला असेल, तर किनारा तुटतो आहे. अशा कड्याच्या काठावर उभे राहू नका आणि खाली सावलीला बसू नका. वाळूचा कडा न सांगता ढासळतो. मुलांना त्या कड्यात खड्डे खणू देऊ नका.

पाण्यात उतरायचं तर स्थानिक माणसाला विचारूनच. मच्छीमार दादा, नारळपाणीवाली मावशी, जीवरक्षक, कुणीही चालेल. आपण विहिरीत आणि तळ्यात पोहायला शिकलेली माणसं. तिथलं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. ओहोटी लागलेली असताना कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये हा कोकणातला साधा नियम आहे. लाटा फुटताना दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे एखादा गुळगुळीत, गडद पट्टा दिसला तर तो शांत भाग समजून तिकडे जाऊ नका. तिथूनच पाणी वेगाने आत परतत असतं. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत येऊ नये. दम जातो. हात वर करून ओरडावं, तरंगत राहावं, आणि किनाऱ्याला समांतर सरकून त्या पट्ट्याच्या बाहेर पडावं. काठावरच्यांनी मागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, जे असेल ते फेकावं आणि ११२ ला किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ ला फोन करावा. गणपतीपुळ्याला देवदर्शन झालं की लोक भारावून तसेच पाण्यात शिरतात. तिथला समुद्र खोल आणि ओढीचा आहे. पाय धुवा आणि मागे या.

वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी लाटा इथवर येतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातकडे निघालं होतं, आणि गणपतीपुळ्याला लाटा किनारा ओलांडून दुकानांपर्यंत आल्या. आकाश निरभ्र आहे एवढ्यावर विसंबू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी एकदा ते बघा.

गाडी वाळूवर नेऊ नका. ती रुतते, भरती चढते आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं : हिवाळ्यात याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ही घरटी राखली, आता आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी गावांत हे काम चालतं. चाकाखाली वाळू दबली की घरटं मेलं. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत गेलात तर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. गावातल्या कासवमित्रांना आधी फोन करा, दोरीच्या मागे उभे राहा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.

एक दुपार मिऱ्यासाठी ठेवा

रत्नागिरीला उतरलात तर थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मघर हे सगळं कुणीही सांगेल. मी सांगेन, ओहोटीच्या वेळी मिऱ्याला जा. शहराला चिकटलेला हा किनारा, त्यातला एक भाग पांढरा समुद्र म्हणून ओळखला जायचा, पांढऱ्या वाळूमुळे. आज तिथे दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आणि काँक्रीटचे चौपायी टेट्रापॉड दिसतात. निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटून याच किनाऱ्यावर येऊन आदळलं.

बंधाऱ्यावर उभं राहून लाट बघा. लाट उतरत्या वाळूवर आली की तिचा जोर चढणीवर संपतो. भिंतीवर आली की ती आपटते, उसळते आणि परतताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. म्हणून भिंतीपुढे पुळण टिकत नाही, आणि पावसाळ्यात दगड खचतात, ते पुन्हा भरावे लागतात. भिंत जिथे संपते तिथे शेजारच्या उघड्या किनाऱ्याला जास्त मार बसतो. वरच्या वावराचा बांध बळकट केला की पाणी खालच्याच्या धुऱ्यावरून फोडून निघतं, तसंच हे. तरीही भिंतीमागे ज्याचं घर आहे त्याला भिंत नको असं आपण सांगू शकत नाही. त्याला आज रात्री झोपायचं आहे.

वाळू कमी का पडते, याची कारणं अनेक आणि एकमेकांत गुंतलेली. नद्यांवर धरणं झाली, तिथे गाळ अडतो. खाड्यांमधून वाळू उपसली जाते. बंदरांच्या भिंती आणि जेट्या किनाऱ्याकडेने सरकणारी वाळू अडवतात. एका बाजूला ढीग साठतो, दुसऱ्या बाजूला खड्डा पडतो. त्यावर समुद्राची वाढती पातळी : उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१५ या काळात ती वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर वाढली, आधीच्या शतकातल्या वेगाच्या दुपटीने. मालवणजवळच्या देवबागला तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर सगळं गाव. तिथे दोन्हीकडून झीज होते.

अशा गावात फिरताना पडलेल्या घरापुढे उभं राहून सेल्फी काढू नका. फोटो हवा असेल तर घरच्यांना विचारा. लोक बोलतात, खूप बोलतात. आपल्याकडे पाऊस न पडून गावं रिकामी होतात, तिकडे समुद्र चढून होतील अशी त्यांना भीती आहे, आणि ही भीती आपल्याला समजते हे त्यांना लगेच कळतं.

पैसे, जेवण, सामान

जेवण घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवा. ऐनवेळी गेलं तर मिळत नाही. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये : उकडीचे मोदक, घावने, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी दापोलीकडे असाल तर हर्णे बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव बघावा. खरेदी बचत गटाच्या बायकांकडून करा. कोकम, आंबोशी, कुळीथ, पापड घ्या. शिंपले आणि वाळूच्या बाटल्या भरून आणू नका.

सामानात टोप्या, सुती कपडे, वाळूत चालायच्या साध्या चपला, बॅटरी आणि पाण्याच्या स्वतःच्या बाटल्या. कचऱ्यासाठी एक पोतं न्या आणि ते भरून शहरातल्या कचरापेटीपर्यंत परत आणा. छोट्या ग्रामपंचायतींकडे कचरा टाकायला जागा नसते, तो शेवटी खाडीतच जातो.

परतीला रत्नागिरीहून सकाळी आठपर्यंत निघा, म्हणजे आंबा घाट उजेडात चढून होतो आणि जेवण कोल्हापुरात. तिथे पेट्रोल पंपाशेजारच्या धुलाई केंद्रात गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेने पत्रा लवकर सडतो. सांगोल्यापर्यंत मुलं झोपतात. रात्र पडायच्या आत सोलापूर गाठलंत तर तुळजापूरला दर्शन करून तिथेच मुक्काम करता येतो. लातूरकरांना सकाळी घर, नांदेडकरांना दुपारपर्यंत.